नव्या सूचिपर्णी रोपाची छाटणी: घाई कशाची करू नये, आणि लक्ष कुठे द्यावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कुंडीत वाढलेलं, साधारण कमरेएवढं सूचिपर्णी रोप तुम्ही दोन महिन्यांपूर्वी जमिनीत लावलंय. जात नक्की माहीत नाही. वर दोन शेंडे आहेत, खालच्या फांद्या जमिनीला टेकल्यात, आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडून गळतायत. एका जाणत्या माणसाने सांगितलंय की वरचा तिसरा हिस्सा छाटून टाका, मुळांवरचा भार हलका होईल आणि झाड भरगच्च होईल. तर छाटायचं का, किती, कधी, आणि पाणी, खत, काठी यांचं काय?

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. तिसरा हिस्सा छाटू नका. यंदा आणि पुढच्या वर्षी मिळून एकच खरी छाटणी करायची: दोन शेंड्यांपैकी एक काढायचा. मोडलेली किंवा वाळलेली काडी दिसली तर तीही काढा. बाकी एकाही हिरव्या फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावू नका. या रोपाचं पुढे काय होणार ते आत्ता जमिनीच्या वर ठरत नाहीये, खाली ठरतंय.

"मुळं कमी आहेत, मग वरचा पसारा कमी करा" हा सल्ला मीही काम शिकताना ऐकला आणि बरीच वर्षं पाळला. ऐकायला तो पटतो. पण मुळं वाढतात ती पानांनी तयार केलेल्या अन्नावर. शिवाय नवी मुळं फुटायला जो संकेत लागतो, ते ऑक्सिन नावाचं संप्रेरक, शेंड्यांतल्या कोवळ्या डोळ्यांत तयार होऊन खाली उतरतं. म्हणजे शेंडे छाटले की मुळांचं अन्नही कमी होतं आणि संकेतही. लागवडीच्या वेळी माथा छाटून तोल साधायची पद्धत झाडांच्या शास्त्राने केव्हाच सोडून दिली आहे. पानझडी झाडाच्या बाबतीत ही चूक दोन वर्षांत भरून निघते. सूचिपर्णी झाडाच्या बाबतीत मात्र कापलेलं बरंचसं कायमचं कापलेलं राहतं, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

हे असं का, ते एकदा डोळ्यांनी बघा. गुलाब किंवा जास्वंद कुठूनही कापली तरी सालीखाली झोपलेले डोळे असतात. कापलं की ते जागे होतात. आता तुमच्या रोपाची एक फांदी हातात घेऊन शेंड्याकडून खोडाकडे बोट सरकवत या. टोकाला ठसठशीत डोळे लागतील. थोडं आत हिरव्या सुयांचा भाग, त्यात अधूनमधून बारीक डोळे. आणखी आत गेलात की नुसतं तपकिरी, उघडं लाकूड. त्या उघड्या भागात बहुतेक सूचिपर्णी झाडांना पुन्हा फुटायला डोळाच उरलेला नसतो. तिथे कापलं तर खुंट राहतो, पालवी येत नाही. हिरवं संपतं तिथे छाटणीची हद्द संपते, एवढं धरून चाललं तरी निम्मी झाडं वाचतात.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मोरपंखीचं एक कुंपण माझ्या हाताखाली होतं. सहा-सात वर्षांचं, छान दाट, पण फुगून वाटेवर आलेलं. मी एका बाजूने ते हातभर आत कापलं, थेट उघड्या लाकडात. बाहेरून तीन बोटं हिरवा पडदा आणि आत सगळ्या काड्या, हे कापल्यावरच दिसलं. पुढच्या पालवीची वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या पालवीची. ती बाजू तपकिरीच राहिली आणि शेवटी अख्खी रांग उपटावी लागली. ते कुंपण दरवर्षी चार बोटं छाटत गेले असते तर आजही उभं असतं.

अपवाद आहेत. यू, कोस्ट रेडवूड, क्रिप्टोमेरिया ही झाडं जुन्या लाकडातूनही फुटतात, आणि कॅनरी बेटांवरचा पाइन वणव्यात होरपळल्यावर खोडातून नवे कोंब काढतो. पण आपल्या रोपाची जात माहीत नसताना अपवादावर भिस्त ठेवू नये.

म्हणून आधी जात ओळखा. त्याला पाच मिनिटं लागतात. सुया दोन-दोन, तीन-तीन किंवा पाच-पाचच्या जुडीत, बुडाशी एका बारीक वेष्टनात बांधलेल्या असतील तर तो पाइन. सुया एकेकट्या असतील तर एक तोडून अंगठा आणि तर्जनीत फिरवा. चौकोनी काडीसारखी सहज गरगर फिरली तर बहुधा स्प्रूस. त्याची सुया गळून गेलेली काडी कानसेसारखी खरखरीत लागते, कारण प्रत्येक सुईचं बारीक खुंटलं मागे राहतं. सुई चपटी असून फिरत नसेल, आणि गळून पडल्यावर काडीवर गुळगुळीत गोल खूण राहत असेल तर फर. जुन्या फांद्यांवर आखूड गाठींवर सुयांचे झुपके आणि नव्या कोंबांवर एकेकट्या सुया असतील तर देवदाराच्या घराण्यातलं. सुयाच नसून खवल्यांसारखी, चपटी, दाबून बसवलेली पानं असतील तर मोरपंखी, सायप्रस किंवा ज्युनिपर. सुरूचं झाडही सुयांचं दिसतं, पण ते या कुळातलं नव्हे. त्याच्या "सुया" म्हणजे पेरापेरांच्या हिरव्या काड्या असतात, ओढल्या की पेरावर सुटतात. तुमचं रोप सुरू निघालं तर छाटणीबद्दल मी लिहितेय त्यातलं बरंच त्याला लागू नाही, ते छाटणी खुशाल सोसतं.

तुमच्या वर्णनावरून, एकेकट्या ताठ सुया आणि मजल्या-मजल्यांनी निघालेल्या फांद्या, मला स्प्रूस वाटतो. पुढचं तेच धरून लिहिते, बाकीच्यांचं ओघात येईल.

आता जमिनीखाली. आजच करायचं पहिलं काम म्हणजे खोडाच्या बुडाशी गुडघे टेकून हाताने माती बाजूला सारणं. खुरपं नको, बोटंच बरी, साल दुखावत नाही. खोड जिथे किंचित रुंदावतं आणि पहिली जाड मुळं बाहेरच्या दिशेला निघतात, ती जागा जमिनीच्या पातळीवर किंवा बोटभर वर दिसली पाहिजे. खोड खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं तर रोप खोल लागलंय. कुंडीतली रोपं पुष्कळदा कुंडीतच खोल बसवलेली असतात, त्यामुळे कुंडीच्या मातीची पातळी प्रमाण मानू नका. तीन-चार सेंटिमीटरचा फरक असेल तर वरची माती काढून बशीसारखा उतार करून द्या, भागेल. फरक वीतभर असेल तर थंड हवेत, नवी पालवी फुटण्याआधी, हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, उचलून वर बसवा. दोन महिन्यांत मुळं अजून फार दूर गेलेली नसतात, तेव्हा हे अजून जमण्यासारखं आहे. खोल लागलेलं रोप लगेच मरत नाही. चार-पाच वर्षं रेंगाळतं आणि मग एका कोरड्या हंगामात जातं, तेव्हा कोणालाच कारण आठवत नाही.

दुसरी गोष्ट, लावताना हुंडीभोवतीची मुळं मोकळी केली होती का? लावून वर्ष झालेलं आणि अचानक तपकिरी पडलेलं एक रोप मी एकदा उपटलं. उपटलं म्हणजे काय, एका हाताने ओढलं आणि ते बूच निघावं तसं निघून आलं. बाहेर आली ती कुंडीच अगदी. तळाचं वर्तुळ, कडा, भोकांच्या जागचे उंचवटे, सगळा साचा जसाच्या तसा. पेन्सिलीएवढी मुळं दोरासारखी गोल गोल गुंडाळलेली, एकही बाहेरच्या मातीत गेलेलं नाही. हुंडी मधोमध फोडली तर आतलं मिश्रण भुशासारखं कोरडं, बोटांत धूळ होणारं. आणि खड्ड्याची बाजूची माती हाताला ओली. वर्षभर पाणी दिलं गेलं होतं, फक्त ते हुंडीच्या बाहेरून खाली उतरत होतं.

कुंडीतलं हलकं मिश्रण बाजूच्या मातीपेक्षा फार लवकर सुकतं, आणि एकदा ठणठणीत कोरडं झालं की पाणी आत घेतच नाही. नव्या रोपाची सगळी मुळं त्या हुंडीतच असतात. म्हणून ओलावा बघायचा तो हुंडीत, बाजूच्या मातीत नव्हे. खोडापासून चार बोटांवर बोट किंवा बारीक काडी वीतभर आत घाला. हुंडी ओलसर, थंड लागली पाहिजे, चिखल नको. शेतीत वाफसा म्हणतात तशी: मूठ वळते, पण पाणी गळत नाही. दीड-दोन सेंटिमीटर जाड खोडाच्या रोपाला एका वेळी सहा-आठ लिटर पाणी, बुडाशी, अगदी सावकाश. बारीक भोक पाडलेली बादली खोडाशेजारी ठेवून दिली तर हे काम चांगलं होतं. पहिले काही आठवडे कोरड्या हवेत दर दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा-दोनदा. पण वेळापत्रकापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

पावसावर विसंबू नका. सूचिपर्णी झाडाच्या दाट फांद्या पाणी छपरासारखं बाहेर टाकतात. चांगली सर येऊन गेल्यावर फांद्यांखाली हात घालून बघा, बुडाशी माती कोरडी सापडेल. ज्या प्रदेशात जमीन गोठते तिथे गोठण्याआधी एक भरपूर पाणी द्यावंच लागतं. हे झाड पानं टाकत नाही. ऊन-वारा सुयांतून पाणी ओढत राहतो आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना काही मिळत नाही. हिवाळ्याच्या शेवटी वाऱ्याकडची बाजू करपलेली दिसते ती त्यामुळे.

पाण्याबद्दल इतकं लांबवण्याचं कारण म्हणजे हे झाड तहान लागल्याचं सांगत नाही. इतर रोपं मान टाकतात, पानं लोंबतात, आपण धावत पाणी घालतो. सूचिपर्णीच्या सुया ताठच राहतात. कापून आणलेलं झाड पाण्याच्या भांड्यात कितीतरी आठवडे हिरवं दिसतं, मुळं नसताना. तसंच जमिनीतलं रोप मुळांनी मेलेलं असूनही महिनाभर हिरवं उभं राहू शकतं. सुया तपकिरी झाल्या म्हणजे घडायचं ते केव्हाच घडून गेलेलं असतं. म्हणून पहिली दोन वर्षं झाडाकडे बघून नव्हे, मातीत बोट घालून पाणी द्यायचं. शंका आली तर एखाद्या काडीची साल नखाने किंचित खरवडा: खाली ओलं हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर ती काडी गेली. डोळे दाबूनही कळतं. जिवंत डोळा टणक असतो, मेलेला चुरा होतो.

उलट टोकाची चूक म्हणजे पाणी साचू देणं. या झाडांची मुळं तुंबलेल्या जमिनीत कुजतात, आणि गंमत अशी की कुजलेल्या मुळांचं झाड आणि तहानलेलं झाड वरून सारखंच दिसतं. शंका असेल तर रोपापासून थोड्या अंतरावर फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा वाईट आहे. असं असेल तर रोप उंचवट्यावर घ्यावं लागेल. खड्ड्याच्या तळाला खडी टाकून हे सुटत नाही, पाणी त्याच खड्ड्यात साचतं.

आच्छादन घाला. सालीचे तुकडे, लाकडाचा चुरा, गळलेल्या सुया, काहीही चालेल. पाच ते आठ सेंटिमीटर जाड, फांद्यांच्या घेरापर्यंत, आणि खोडापासून किमान चार बोटं दूर. खोडाभोवती डोंगरासारखा ढीग रचलेला ठिकठिकाणी दिसतो. त्याने साल कायम ओली राहते, कुजते, उंदीर ती कुरतडतात. त्या घेरातलं गवत मात्र काढूनच टाका. लहान रोपाचं पाणी पळवण्यात गवतासारखं तरबेज काही नाही.

खताचं उत्तर छोटं आहे. पहिल्या वर्षी काही नको. नत्र दिलं की वर कोवळी लुसलुशीत वाढ येते आणि तिला पाणी पुरवायला खाली मुळं नसतात. खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरणं उत्तम. खड्डा खत-मातीने सजवला की मुळं त्या खड्ड्यातच घुटमळतात. एक गोष्ट जपा. पाइन, स्प्रूस, फर, देवदार यांच्या हुंडीत कधी कधी पांढरी जाळी दिसते, मुळांची टोकं आखूड, फाटे फुटलेली, जणू कापसात गुंडाळलेली. लोक ती बुरशी म्हणून धुऊन काढतात. बुरशीच ती, पण झाडाची सोबतीण. मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देणारी. दक्षिण गोलार्धात जिथे पाइन मुळात नव्हते तिथे पहिल्या लागवडी खुंटल्या, आणि जुन्या पाइनच्या बुडाची माती, म्हणजे तिच्यासोबत ही बुरशी, आणल्यावरच झाडं उठली. जवळपास त्याच जातीचं निरोगी जुनं झाड असेल तर त्याच्याखालची ओंजळभर सुयांची माती तुमच्या आच्छादनाखाली पसरा.

काठी? रोप वाऱ्याने मुळासकट हलत असेल तरच. खोड हातात धरून हळूच हलवा: खोड वाकतंय पण बुडाशी माती हलत नाही, तर काठी नको. वाऱ्यात डोलणारं खोड बुडाशी जाड होतं, आखूड आणि दणकट राहतं. या प्रतिसादाला मार्क जाफे यांनी 1973 साली थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. घट्ट बांधून ठेवलेलं खोड उंच आणि लुकडं होतं, आणि काठी काढली की वाकतं. काठीची गरज पडलीच तर हुंडीच्या बाहेर दोन काठ्या रोवा, खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात मऊ पट्टीने सैल आठाच्या आकड्यात बांधा, आणि वर्षभरात सोडून टाका. विसरलेली सुतळी सालीत रुतून झाड कापते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की बांधतानाच सोडायची तारीख वहीत लिहून ठेवते.

आता तुमच्या पिवळ्या सुया. कुठल्या पिवळ्या आहेत ते बघा. आतल्या, खोडाजवळच्या, सगळ्या बाजूंनी सारख्या, आणि टोकाची वाढ हिरवीगार, तर ती वार्षिक गळ आहे. सदाहरित म्हणजे सुई कायमची असं नाही. पाइनच्या बऱ्याच जातींची सुई दोन-तीन वर्षं टिकते, स्प्रूसची त्याहून बरीच जास्त, आणि जुनी झाली की गळते. जागा बदललेलं रोप ती जरा जास्त टाकतं. पण पिवळेपणा टोकाकडून आत येत असेल, किंवा एकाच बाजूला असेल, तर पाणी, ऊन, मुळं यांचा शोध घ्या. सुयांवर बारीक ठिपके आणि धुरकट रंग दिसला तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले कण चालू लागले तर ते कोळी आहेत, म्हणजे सुयांतला रस शोषणारी बारीक कीड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, सुयांच्या खालून, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा धुतलं की लहान झाडावर बहुतेक वेळा आटोक्यात येतात. फक्त खालच्याच फांद्या एका बाजूला काळपट करपल्या असतील तर कुत्र्यांची ये-जा बघा.

(लार्च, बाल्ड सायप्रस आणि मेटासिक्वोया ही सूचिपर्णी झाडं मात्र दरवर्षी सगळ्या सुया टाकतात. मेटासिक्वोयाचं वर्णन 1941 साली जपानमध्ये शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून केलं आणि त्यानंतर काही वर्षांतच चीनमध्ये त्याची जिवंत झाडं उजेडात आली. असं दुर्मीळ रोप पहिल्या हिवाळ्यात उघडं पडलं म्हणून मेलं समजून फेकून दिलेलं मी पाहिलंय. फेकण्याआधी साल खरवडून बघा.)

जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या राहू द्या. त्या बुडाशी सावली धरतात, गवत दाबतात, आणि मुख्य म्हणजे खोडाचा बुंधा जाड करतात. एकदा काढल्या की त्या जागी पुन्हा फांदी येत नाही. पुढे खाली वावरायला जागा हवी असेल तर झाड डोक्याच्या वर गेल्यावर एकेक मजला, वर्षाआड, काढता येईल. तेव्हाही उंचीचा निदान दोन तृतीयांश भाग हिरवा ठेवायचा.

आता ती एक छाटणी. दोन शेंडे सारख्या जोराने वाढले की त्यांच्यामध्ये साल दाबली जाते, तिथे लाकूड एकमेकांना धरत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी वाऱ्यात किंवा बर्फाच्या भाराने झाड मधोमध फाटतं. आज तो सांधा करंगळीएवढा आहे, म्हणून हे काम आज सोपं आहे. ठेवायचा कोणता? जो खोडाच्या सरळ रेषेत आहे तो. उंची दुय्यम, दोन बोटं बुटका पण सरळ शेंडा वर्षभरात पुढे जातो. ठेवायच्या शेंड्याचा टोकाचा डोळा शाबूत आहे ना, ते आधी बघा. किड्याने पोखरलेला शेंडा ठेवून चांगला कापल्याची उदाहरणं आहेत. दुसरा शेंडा त्याच्या बुडाशी काढा. सांध्याशी साल जिथे किंचित फुगीर असते ती वळकटी झाडाची, ती कापायची नाही; तिच्या लगेच बाहेरून, खुंट न ठेवता, एका घावात. अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो (1930–2006) यांनी असंख्य खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरत नाही, तर आतून भिंती घालून ती कोंडतं, आणि वळकटी कापली तर त्याची सगळ्यात भक्कम भिंतच जाते. 1977 साली त्यांनी हे मांडल्यापासून खोडाला घासून कापणं आणि जखमेवर रंग, डांबर, लेप फासणं दोन्ही मागे पडलं. तुमच्या झाडाकडे राळ आहे, ती पुरते. सिकेटरची पाती धारदार आणि एकमेकांवरून सरकणारी हवीत, आधी स्पिरिटने पुसून घ्या. कापल्यावर पात्यांना चिकटलेली राळही स्पिरिटनेच निघते. वेळ नवी पालवी फुटण्याच्या थोडं आधीची. आत्ता कडक ऊन आणि कोरडी हवा असेल तर तोवर थांबा.

दुसरा शेंडा फार मोठा असेल, म्हणजे काढल्यावर एका बाजूला भगदाड पडणार असेल, तर यंदा तो निम्म्यावर, एखाद्या बाजूच्या डोळ्याच्या वर कापा. जोर मोडतो, तो फांदीसारखा वागू लागतो, मग पुढच्या वर्षी काढा.

आणि ठेवलेलाच शेंडा पक्ष्याच्या वजनाने किंवा चेंडू लागून मोडला तर? घाबरू नका. वरच्या मजल्यातली सगळ्यात सरस फांदी निवडा, मोडक्या शेंड्याच्या खुंटाला किंवा खोडाला बांधलेल्या काठीच्या आधाराने ती हलकेच उभी करा आणि मऊ पट्टीने बांधा. एकदम ओढू नका, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी. त्या मजल्यातल्या बाकीच्या फांद्या टोकाकडून जरा आखूड करा, म्हणजे शर्यत राहत नाही. स्प्रूस, फर, पाइन यांत एखाद-दोन वर्षांत ती फांदी शेंडा होऊन जाते आणि लांबून कळतही नाही. अरौकेरियात, म्हणजे आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत लावतात त्या झाडात, हे चालत नाही. त्याची आडवी फांदी उभी बांधली तरी आडवीच वाढत राहते. शेंडा गेला की खोडातून नवे कोंब येण्याची वाट बघायची आणि त्यातला एक राखायचा. अरौकेरियाच्या शेंड्याला म्हणून हातच लावू नये.

तिसऱ्या वर्षापासून भरगच्चपणासाठी छाटणी करता येईल. पाइनमध्ये ती बोटांनी करतात. वसंतात टोकाचे डोळे लांबून मेणबत्तीसारखे उभे राहतात, सुया अजून अंगाला चिकटलेल्या, कोंब कोवळा. अशी मेणबत्ती चिमटीत धरून तिसरा हिस्सा किंवा निम्मी खुडायची. कट्कन तुटते आणि बोटांना राळेचा वास लागतो. खुडल्या जागेखाली नवे डोळे धरतात, पुढच्या वर्षी तिथून जास्त फांद्या. सिकेटरने कापलं तर सुयांची टोकंही कापली जातात आणि तपकिरी पडतात. ही संधी दोन-तीन आठवड्यांची असते. सुया उलगडून कोंब टणक झाला की यंदाचा हंगाम गेला म्हणायचं. स्प्रूस आणि फरमध्ये गेल्या वर्षीच्या कोंबावर बाजूचा डोळा शोधून त्याच्या किंचित वर कापायचं. मोरपंखी, सायप्रस, ज्युनिपर यांचं कुंपण करायचं असेल तर बाजू दुसऱ्या वर्षापासून हलक्या हाताने, हिरव्यातच, आणि बुडाशी रुंद, वर निमुळती. नाहीतर वरचा भाग खालच्यावर सावली धरतो आणि खालचा उघडा पडतो. शेंडे मात्र हवी ती उंची गाठेपर्यंत तोडू नका.

रोप बुटक्या जातीचं असेल तर एका गोष्टीवर डोळा ठेवा. कॅनडात 1904 साली लेक लुईस इथे सापडलेला बुटका अल्बर्टा स्प्रूस जगभर लावला जातो. त्याच्या दाट शंकूतून कधी तरी एखादा खरखरीत, लांब पेरांचा कोंब उसळतो. ती मूळ जातीकडे परतणारी फांदी. लहान असतानाच बुडापासून काढली नाही तर काही वर्षांत तीच झाड होते. कलमी रोपांत कलमाच्या सांध्याखालून आलेला कोंबही तसाच लगेच काढायचा.

राहिलं ते एवढंच की रोप लागलं, हे ओळखायचं कसं. थंड हवेत खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे साधारण एक वर्ष, उष्ण हवेत त्याहून कमी, असा ठोकताळा आहे. पण स्प्रूस, पाइन, फर स्वतःच हिशोब लिहून ठेवतात. शेंड्याकडून खाली येताना फांद्यांच्या एका मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ. पट्टी घेऊन मोजा आणि लिहून ठेवा. वरून तिसरा-चौथा मजला कुंडीतल्या चांगल्या दिवसांचा, लांब असेल. लागवडीनंतरचा पहिला कदाचित दोन-तीन बोटांचाच निघेल. घाबरू नका, त्या वर्षी झाड खाली वाढत होतं. दुसरा थोडा बरा. ज्या वर्षी तो मजला कुंडीतल्या जुन्या मजल्याएवढा किंवा त्याहून लांब निघेल, त्या वर्षी पाण्याची बादली हळूहळू बंद करा आणि आकाराच्या छाटणीबद्दल मला पुन्हा विचारा. येताना ती मापं घेऊन या.